दिव्याभोवतीचं कडं

सोमवार, ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस ताईचे आशीर्वाद.

पार्सल शनिवारी पोचलं. आत निघालं ते असं: आईची निळी शाल एक, धुऊन, रफू करून, चौघडी घातलेली. पातळ कागद दोन (इस्त्री फिरवून ठेवले आहेत, उपयोगी पडतील). सुतळी चार हात. बिल एक. रफूचे तीनशे चाळीस, धुलाईचे साठ, टपालाचे पंच्याऐंशी, एकूण चारशे पंच्याऐंशी. आज सकाळीच मनीऑर्डर केली.

सख्ख्या आईच्या शालीचेसुद्धा पैसे लावलेस! लावलेस ते बरंच केलंस म्हणा. फुकट केली असतीस तर मला वाटलं असतं, ही माझ्यावर उपकार करते आहे, आणि मग मी गप्प बसले असते. बिल आलं की पोच द्यावी लागते. म्हणून हे पत्र.

पाच वर्षं झाली तू बोलत नाहीस. फोन लावावा तर तो नंबरच राहिला नाही. गिऱ्हाईक म्हणून आले तर हाकलणार नाहीस असा विचार करून शाल धाडली होती. तू एका लाँड्रीच्या कोपऱ्यात रफूचं टेबल टाकून बसतेस आणि वरच्याच खोलीत राहतेस, एवढं मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नकोस.

काम म्हणशील तर मी शाल खिडकीशी नेऊन पाहिली. कसर कुठे लागली होती तेच सापडेना. चांगली तळहाताएवढी तीन भोकं होती आणि आता जणू कधी नव्हतीच. तुझा हात तसाच आहे गं. मी ह्यांना म्हटलं, "बघा, हिला म्हणतात रफू." हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता "छान, छान" म्हणाले. तुझे भाऊजी तुला ठाऊकच आहेत, मी शालीऐवजी फडकं धरलं असतं तरी छानच म्हणाले असते.

इकडे सगळं ठीक. मध्ये माझ्या तब्येतीची जरा कुरकुर झाली, आता बरी आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते निराळंच. तू हसशील. सहाएक महिने झाले, सकाळी देवापुढे दिवा लावला की वातीभोवती एक कडं उगवतं. आधी दुधासारखं, मग त्याला निळसर काठ, मग बाहेरून पिवळी झाक. हळूहळू श्वास घेतल्यासारखं मोठं होतं. आणि मधोमध, जिथे ज्योत असायला हवी, तिथे काहीच नाही, नुसतं मऊ धुकं. तसबिरीकडे नजर टाकली तर देवाचे खांदे दिसतात, हात दिसतात, पायाशी वाहिलेलं फूल दिसतं, आणि चेहऱ्याच्या जागी तेच धुकं. मी हात जोडून बसून राहते. दूध उतू जातं, तरी उठवत नाही. इतकी वर्षं जप केला, हिशोबाने माळा मोजल्या, कधी काही दिसलं नव्हतं. आता दिसतंय.

घंटाबाई म्हणाल्या (प्रार्थनेला घंटा त्या वाजवतात म्हणून मी मनात हेच नाव ठेवलं आहे), "चेहरा असा पहिल्याच फेरीत दाखवत नाहीत हो, वाट पाहा." प्रार्थनेच्या बायकांचं नाव निघालं की तुझ्या कपाळाला आठी पडेल. ठाऊक आहे मला. त्याबद्दल पुढच्या पत्रात. आज धीर नाही.

तुझी
ताई


मंगळवार, २४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

तुझं कार्ड आलं. पाच वर्षांनी तीन ओळी, पण मी ते दिवसभर पदराशी घेऊन हिंडले. "पैसे मिळाले. काम खरंच आवडलं का? उन्हात धरून पुन्हा बघ आणि खरं काय ते कळव."

वा गं वा, कारागिराचा ताठा! एकदा छान म्हटलं तर पोट भरत नाही, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. बरं बाई, धरली. काल दुपारी गच्चीवर जाऊन भर उन्हात दोन्ही हातांनी पसरून धरली. ऊन तिच्यातून असं झिरपत होतं की शाल आहे की नदी आहे कळेना. कुठे जोड नाही, कुठे टाका नाही. आता लेखी देते: काम अव्वल. झालं समाधान?

तर ते त्या दिवसाचं. आज लिहितेच.

तू माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होतीस. नळ सोडलास, मग आवाज ऐकू जाऊ नये म्हणून त्या पाण्याच्या आडून म्हणालीस, "ताई, छातीत गाठ आहे. डॉक्टरांनी नाव सांगितलं. कुणाला बोलू नकोस." मी मान हलवली. आणि दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेला बसले तेव्हा डोळे मिटून, मोठ्याने, तुझ्यासाठी मागणं मागितलं. तुझं नाव घेऊन, आजाराचं नाव घेऊन, कुठल्या बाजूला तेसुद्धा. देवाच्या दप्तरी घोटाळा नको म्हणून. बारा जणी होत्या. त्यांतल्या एकीचा नवरा, तू तेव्हा रफूला बसायचीस त्याच कपड्यांच्या दुकानात कापड बेतायला. आठवडा संपायच्या आत मालकांनी तुझ्या टेबलावरची सगळी उंची वस्त्रं उचलली, "आता आराम करा बाई, हातून काही बिघडलं तर आम्ही भरून कुठून देणार?" म्हणाले. तुझा हातही तोच, डोळाही तोच, नुसतं आजाराचं नाव ऐकून.

तू दारात उभी राहून म्हणालीस, "देवाला सांगायचं होतं ना? मग हळू सांगायचं. तो काय बहिरा आहे?"

ऑपरेशनला तू एकटी गेलीस. नंतर चालू झालेल्या गोळ्यांची पहिली पट्टी मी आणून दिली, ती तू हात बाहेर काढून घेतलीस आणि दार लावलंस. महिन्याने गेले तर खोलीला दुसऱ्यांचं कुलूप.

मी वाईट हेतूने केलं नाही, असं लिहिणार होते. पण त्याने तुझं टेबल परत येत नाही. तेव्हा नुसतं एवढंच: मी केलं.

कडं अजून दिसतं. आता संध्याकाळी रस्त्यावर दिवे लागले की तिथेही. समोरच्या वळणावर बस येते तेव्हा तिचे दोन दिवे उमलत उमलत एक होतात आणि बस त्या फुलाच्या मागून निघते. वहीत खर्च लिहायला बसले तर ओळी पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांसारख्या हलतात. डोळ्यांना पाणी येतं. मला त्याचं काही वाटत नाही. बरंच वाटतं. सारं जग कुणीतरी हलक्या हाताने पाण्यात बुडवून काढल्यासारखं.

तुझी
ताई


रविवार, १ मार्च

धाकटे, आज मुद्दाम लिहिण्यासारखं काही नाही. दुपारी खुर्चीत डोळा लागला आणि स्वप्न पडलं. आई शिवत बसली होती आणि आपण दोघी तिच्या दोन बाजूंना, सुयांत दोरा ओवून देत होतो. मी ओवलेली सुई तिच्या हातात दिली की दोरा पुन्हा बाहेर आलेला. तू ओवलीस की राहायचा. आई म्हणाली, "मोठीला घाई फार." जागी झाले तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि आईचा चेहरा मला स्पष्ट आठवत होता, अगदी हनुवटीवरच्या तिळासकट. जागेपणी समोर बसलेल्या माणसाचा दिसत नाही इतका स्पष्ट. हे तुला का लिहिते आहे कळत नाही.

ताई


शुक्रवार, १३ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

हे पत्र नीट बसून वाच. तुझ्यापासून दोन गोष्टी लपवल्या, त्या आज लिहिते.

आधी फजिती सांगते. कड्याची गोष्ट घंटाबाईंनी सगळीकडे केली. मी बोलले ते गल्लीभर झालं, म्हणजे या वेळी माझी पाळी. दोन बायका दुपारी उगीचच येऊन बसायला लागल्या. घंटाबाईंनी तर वाकून नमस्कार केला. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. मग गेल्या आठवड्यातल्या सोमवारी एक जण नातवाला घेऊन आली, दोन महिन्यांचं बाळ, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बघा हो जरा याच्याकडे, पोर रात्रंदिवस रडतं." मी पाहिलं. झबलं दिसलं, मुठी दिसल्या, पायातले मोजे दिसले. बाळाला चेहरा नव्हता.

अंगावर काटा आला. देवाने आपला चेहरा झाकला तर त्याची मर्जी, पण दोन महिन्यांच्या जिवाचा कशाला झाकेल? माझं डोकं हिशोबाचं. जमा जुळत नसली की मी खर्चाची बाजू झाकून पाहते. तसा हात आपोआप उजव्या डोळ्यावर गेला. आणि नुसत्या डाव्या डोळ्याने बाळ दिसलं: थोडं अंधुक, पण नाक, ओठ, ओल्या पापण्या, सगळं जागच्या जागी. डावा झाकला, पुन्हा धुकं. मग उठून तसबिरीपुढे गेले आणि तेच केलं. डाव्या डोळ्याला देवाचा चेहरा दिसला, नेहमीचा, छापखान्यात छापलेला.

एका डोळ्याला होतो आणि दुसऱ्याला होत नाही असा साक्षात्कार असतो का गं?

बाळाच्या आजीला म्हटलं, "पोट दुखत असेल, डॉक्टरांना दाखवा." ती नाराज होऊन गेली. आणि मी ह्यांना म्हटलं, "मला डोळे दाखवायचे आहेत. पण तिथे तुम्ही माझ्या गोळीबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

ही पहिली लपवलेली गोष्ट. तुझ्यानंतर वर्षाने मलाही गाठ निघाली. डाव्या बाजूला. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक घेतले, आणि चार वर्षं मी तीच पांढरी गोळी घेते आहे, जी तुला दिली होती. रोज सकाळी दिवा लावला की एक. घराबाहेर कुणालाही सांगितलं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. तुला कोणत्या तोंडाने कळवणार होते? आली नसतीस तर सहन झालं नसतं, आणि आली असतीस तर त्याहून सहन झालं नसतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आपल्या सूनबाईहून लहान दिसतात. थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, फोटो काढले.

"आजी, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"कसल्याच नाहीत."

हे मागच्या खुर्चीतून, "अगं, ती पांढरी?"

"ती व्हिटॅमिनची."

"चार वर्षं व्हिटॅमिन?" हे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा यांनी माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलं, ते नेमकं तिथे.

मला रडू फुटलं. म्हटलं, "बाई, तुम्ही ती बंद करायला सांगाल. ती माझी राखण करते आहे. डोळा गेला तर एक जाईल, तिला हात लावू नका." हीच भीती होती धाकटे, ही दुसरी लपवलेली गोष्ट. कड्यामागे, भक्तीमागे, तळाशी बसलेली. मला मनातून कुठेतरी कळत होतं की हे डोळ्याचं काहीतरी आहे, आणि डोळ्याचं म्हटलं की कुणीतरी गोळीचं विचारणार. त्यापेक्षा देवाचं बरं होतं. देव गोळ्या बंद करत नाही.

त्यांनी माझ्यासमोर फोटो ठेवला. लालसर, गोल, चंद्रोदयासारखा. मधल्या भागात बारीक बारीक चमकणारे कण, जसं ओट्यावर मीठ सांडून उरावं. म्हणाल्या, "हा डोळ्याच्या आतला पडदा. आपण चेहरे ओळखतो, अक्षरं वाचतो ते या मधल्या भागाने. गोळी बरीच वर्षं घेतली की काही जणींना तिथे असे कण साचतात, सूजही येते. तुमच्या उजव्या डोळ्यात सूज आहे, डाव्यात थोडी सुरुवात. शिवाय भिंगावर मोतीबिंदूची सावली आहे, दिव्याभोवती कडं दिसतं ते बहुतेक तिच्यामुळे. पुष्कळ बायका ही गोळी घेतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना हे होतं. पण नजर बदलली की लगेच यायचं असतं. तुम्हाला किती दिवस दिसतंय?"

"सात महिने."

"मग काय केलंत?"

"नमस्कार."

त्या हसल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "मी गोळी बंद करणार नाही, आणि तुम्हीही आपल्या मनाने करायची नाही. तुमच्या गाठीच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलते. राखण करणाऱ्या दुसऱ्याही गोळ्या असतात." तिथल्या तिथे फोन केला. चार दिवसांनी त्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. एवढंच होतं. एवढ्यासाठी सात महिने!

त्या दिवशी घरी येतानाची वाट मी विसरणार नाही. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, आणि दुपारचं ऊन सगळीकडून आत शिरलेलं. रस्ता नव्हताच, नुसता पांढरा उजेड, आणि त्यात माणसं सावल्यांसारखी यायची, माझ्याजवळ येऊन विरघळायची. फळवाल्याच्या गाडीवर रंगच रंग होते, फळ एक नाही. हे माझं कोपर धरून चालत होते. "पायरी आहे. आता उतार. थांब, सायकल." लग्नाला अडतीस वर्षं झाली, यांच्या तोंडून एवढं बोलणं सलग कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, वाट संपू नये.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या बायकांना सरळ सांगितलं, ते कडं देवाचं नव्हतं, मोतीबिंदूचं होतं. घंटाबाई म्हणाल्या, "मग मी वाकून नमस्कार केला तो?" म्हटलं, "तो ठेवून घेते, वयाने मोठी आहे मी." आता दुपारी कुणी येत नाही.

दिवा अजून लावते. डोळे मिटून बसते. धुक्याची सवय झाली होती, त्याच्याशिवाय थोडं रितं वाटतं, खरं सांगते.

तूही तीच गोळी घेतेस हे माझ्या मनात लगेच आलं. पण तुझी नजर तर शाबूत आहे, शालीवरूनच कळलं. तरी एकदा दाखवून ये. कार्डाने उत्तर दिलंस तसं याचंही दे.

ताई


बुधवार, ८ एप्रिल

धाकटे,

मोठ्या अक्षरांत आणि जाड पेनने लिहिते आहे. का ते पुढे कळेल.

नव्या गोळीला महिना होत आला. सांधे धरतात, सकाळी जिना उतरताना मी खेळण्यातल्या बाहुलीसारखी उतरते. डोळे कोरडे पडतात, त्यावर थेंब. पण उजव्या डोळ्यातली सूज निम्मी उतरली. मधला डाग पूर्ण जाईल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. म्हणतात, "उरलेलं वाचलं, ते सांभाळू." मला चेहरे दिसतात. चष्मा लावून छापील अक्षर वाचता येतं. आणखी सहा महिने दिवा ओवाळत बसले असते तर हेही राहिलं नसतं.

परवा सूनबाई कपाट आवरत होती. शाल बाहेर काढली आणि खिडकीशी जाऊन मोठ्याने हसली.

"आई, ही कुणाकडे दिली होतीत? पोत्याचं तोंड शिवतात तशी शिवली आहे! आणि हा दोरा हिरवा आहे, शाल निळी."

मी म्हटलं, "दाखव."

"इथे गाठ आलीये बघा. आणि हे तिसरं भोक तर अर्धं तसंच सोडलंय. कुठे स्वस्तात करून घेतलंत ना? तुमची काटकसर एक दिवस आपल्याला उघड्यावर आणणार."

मी शाल मांडीवर घेतली. डाव्या डोळ्याने पाहिलं, ती म्हणत होती ते सगळं होतं. मग डोळे मिटले आणि बोटं फिरवली. आईने आपल्याला शिकवलं होतं तशी, रफू बोटाला लागता कामा नये. लागलं, धाकटे. तिन्ही जागी लागलं. एका जागी टाके एकमेकांवर चढले होते, एका जागी दोरा जिथे घ्यायचा तिथून बोटभर बाजूला पडला होता. ज्या हाताने मालकांच्या उंची वस्त्रांतली छिद्रं अशी बुजवली की त्यांना स्वतःला सापडत नसत, त्या हाताचं हे काम नव्हे. हात चुकत नाही. तुला दिसत नाहीये.

सूनबाईला मी म्हटलं, "हो गं, होती एक नवशिकी. स्वस्तात केलं." ती अजून हसते आहे, मुलालाही सांगितलं, दोघं मिळून हसतात. हसू देत. तुझं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. ह्यांनी विचारलं, "पण ती शाल तर..." मी असं पाहिलं की हे पुन्हा वर्तमानपत्रात गेले. प्रार्थनेत मी गप्प बसले. मनातल्या मनात देवाला सांगितलं, ते मात्र मी थांबवू शकत नाही. पण हळू सांगितलं. ओठसुद्धा हलले नाहीत.

मग तुझं कार्ड काढून पुन्हा वाचलं. मी त्याला ताठा म्हटलं होतं. आता ते माझ्याच्याने वाचवत नाही. तू ताठ्याने विचारत नव्हतीस. तुला संशय होता. लाँड्रीत विचारलं तर काम जाईल, गिऱ्हाईकाला विचारलं तर गिऱ्हाईक जाईल, एकदा विश्वासाने एकीला सांगितलंस तर टेबल गेलं. म्हणून तू आईच्या शालीवर हात चालवून ती माझ्याकडे धाडलीस आणि म्हणालीस, खरं काय ते कळव. या जगात माझ्याशिवाय रफूची पारख असलेलं तुझं दुसरं कुणी नाही.

आणि मी काय कळवलं? अव्वल. लेखी.

माझ्या तेव्हाच्या डोळ्यांना भोकच दिसत नव्हतं तर टाका कुठला दिसणार? तरी मी गच्चीवर जाऊन हात वर करून तुला शब्द दिला. ते पत्र वाचून तुला हायसं वाटलं असेल. तू स्वतःला म्हणाली असशील, उगीच भ्यायले, ताई म्हणते आहे तर डोळे ठीकच असणार. आणि खाली जाऊन पुन्हा टेबलाशी बसली असशील. मार्चच्या पत्रातही मी तुझी नजर शाबूत म्हणून बसले. पाच वर्षांपूर्वी बोलून नुकसान केलं, या वेळी छान म्हणून.

म्हणून आज तिसऱ्यांदा आणि खरं सांगते: काम वाईट आहे. फार वाईट आहे. राग आला तर येऊ दे, पण काम छान म्हटलेली माझी आधीची दोन्ही पत्रं फाडून टाक आणि या पत्रावर विश्वास ठेव.

डॉक्टरीणबाईंना मी नाव न घेता विचारलं, "एखादी पाच वर्षं हीच गोळी घेत असेल आणि बारीक काम करताना तिची नजर चुकायला लागली असेल, तर?" त्या म्हणाल्या, "गोळीमुळे असेल, नसेलही, साधा मोतीबिंदूही असू शकतो. न बघता कसं सांगू? पण तिला आजच पाठवा. कण साचले असले तर ते जात नाहीत, सूज वेळेवर कळली तर उतरते." आणि पुन्हा बजावलं, गोळी मनाने बंद करायची नाही. तीही बजावणी तुला जशीच्या तशी पाठवते. माझ्या भीतीपोटी मी सात महिने घालवले, तू घाबरून उलटं करू नकोस.

कामाची काळजी करशील. मला बोलायचा हक्क नाही, पण डोळ्यांचा दवाखाना लाँड्रीच्या मालकाला कळवून उघडत नाहीत. अर्धा दिवस बाहेर जायचं आहे म्हण. बहिणीकडे जाते म्हण, खरंच ये. मी तुझ्याबरोबर जाईन आणि बाकावर बसून राहीन, तोंड शिवून. घरात कुणी विचारलं तर म्हणेन, माझ्यासोबतीला आली आहे. माझं डोळ्यांचं दुखणं आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या आड तुझं आरामात झाकेल.

सोबत एक कागद आहे, त्यावर चौकटी आखल्या आहेत. असला छापील कागद दवाखान्यात मिळतो, डॉक्टरीणबाईंनी मला रोज पाहायला एक दिला आहे. त्याच्यावरूनच मी हा हिशोबाच्या वहीच्या कोऱ्या पानावर काढला, कारण छापील आणायला गेले असते तर कुणासाठी ते सांगावं लागलं असतं. वीस रेघा उभ्या, वीस आडव्या, मधोमध काळा ठिपका. मला मधल्या रेघा अजूनही वाऱ्यावर धरल्यासारख्या वाकलेल्या दिसतात. मी माझ्या डोळ्यांवर नाही, पट्टीवर विश्वास ठेवून आखल्या आहेत, तेव्हा तू निर्धास्त अस, त्या सरळ आहेत.

चष्मा लाव. चांगल्या उजेडात कागद दीड वीत लांब धर. आधी डावा डोळा हाताने झाक आणि उजव्याने फक्त ठिपक्याकडे पाहा. मग उजवा झाक. रेघा कुठे वाकतात, तुटतात, पुसट होतात, ठिपका कुठल्या डोळ्याला सापडत नाही, तिथे पेन्सिलीने गोल कर. खोटं करू नकोस. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको.

मजकूर लिहायची इच्छा नसेल तर लिहू नकोस. मला शिव्या द्यायच्या असतील तर मागची बाजू कोरी आहे. काही दिसलं नाही, सगळं सरळ आहे, असं असेल तरी कागद पाठव आणि दवाखान्यात जा. पण आज, हे पत्र वाचून खाली ठेवायच्या आधी, टेबलाशी बसायच्या आधी, हे कर. पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. टपालवाला तुमच्या रस्त्यावर दुपारी पुन्हा येतो असं ऐकलं आहे. त्याच्याच हाती दे. उलट टपाली.

तुझी
ताई